पैसे मातीत घालायचे, तर फक्त दोन रंगांत: पॉलिमर क्लेची काळी-पांढरी केन

आजचा विषय हाताने करायचा आहे. पॉलिमर क्ले. त्यातही फक्त दोन रंग, काळा आणि पांढरा. आणि त्यातही एकच प्रकार, तो म्हणजे केन.

मागच्या आठवड्यात एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणते, "ताई, शिकवण्या घेऊन 2000 रुपये साठवलेत. दिवाळीपर्यंत कानातली करून विकायची आहेत. 24 रंगांचा सेट कार्टमध्ये टाकून ठेवलाय. पण घरचे म्हणतात, पैसे मातीत घालू नकोस. काय करू?"

मला तो 'मातीत घालू नकोस' फार आवडला. कारण पैसे खरंच मातीतच घालायचे आहेत! प्रश्न एवढाच, की कोणत्या मातीत आणि किती. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: तो सेट कार्टमधून काढ. पांढरा घे, काळा घे आणि थांब. का, ते सांगायला आजचा सगळा भाग आहे.

ही माती नाहीच

आधी ओळख करून घेऊ. नाव क्ले असलं तरी ही माती नाही. कुंभाराची माती पाण्याने मऊ होते आणि वाळली की कडक होते. पॉलिमर क्लेला पाण्याशी देणंघेणं नाही. तिच्यात पीव्हीसीची अगदी बारीक भुकटी असते, म्हणजे ज्याचे आपल्या घरातले पाण्याचे पाईप असतात तेच. त्या भुकटीत तेलासारखा एक द्रव असतो, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात, आणि वर रंग. त्या द्रवामुळे ती मऊ राहते. ओव्हनमध्ये साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसला ती भाजली, की पीव्हीसीचे कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात आणि वस्तू टणक होते. भाजेपर्यंत मात्र ती मऊच. म्हणजे घाई नाही. आज अर्धं काम केलं, उरलेलं पुढच्या रविवारी केलं तरी चालतं.

ही आली कुठून? जर्मनीत केट क्रूसे नावाच्या प्रसिद्ध बाहुल्या करणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या मुलीचं, सोफीचं, घरातलं नाव फिफी. बाहुल्यांची डोकी करता येतील का, म्हणून आलेलं एक प्लास्टिक या फिफीबाईंनी हाताळलं आणि त्यातून घरी वापरता येईल अशी रंगीत क्ले तयार केली. 1964 साली ते सूत्र एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेलं आणि पुढे 'फिमो' नावाने जगभर पोचलं. आज दुकानात फिमो, स्कल्पी प्रीमो, सर्निट अशी नावं दिसतात, ती सगळी याच घराण्यातली.

केन म्हणजे अळूवडीचा उंडा

आता केन. इंग्रजी शब्दाला घाबरू नका. तुम्ही केन लहानपणापासून खाल्ली आहे. अळूच्या पानाला पीठ लावलं, वर दुसरं पान, परत पीठ, मग घट्ट उंडा वळला. बाहेरून काय दिसतं? हिरवा लोळा. कापला की आत गोल गोल फिरणारी रेघ. आणि कुठेही कापा, तीच रेघ. बाकरवडीतही तेच.

केन म्हणजे नेमकं हेच. क्लेच्या पट्ट्या, कांड्या, थर अशा रचायच्या की टोकाकडून पाहिलं तर नक्षी दिसेल, आणि ती नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जाईल. मग पातळ चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी.

ही युक्ती मुळात काचेच्या कामातली. इटलीत व्हेनिसजवळ मुरानो नावाचं बेट आहे, तिथले काचकारागीर रंगीत काचेच्या कांड्या एकत्र तापवून लांब ओढतात. कांडी दोऱ्यासारखी बारीक झाली तरी आतलं फूल तसंच राहतं. तिच्या चकत्या शेजारी शेजारी बसवून जे काम होतं त्याला 'मिलेफिओरी' म्हणतात, म्हणजे हजार फुलं. त्यांना भट्टी लागते. आपल्याला दोन हात आणि एक टेबल पुरतं.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रीलमध्ये तुम्हाला काय दिसतं? पातं खाली येतं, चकती बाजूला पडते, आत सुंदर नक्षी. दोन सेकंद. बघायला मस्तच वाटतं. पण त्या दोन सेकंदांत काहीच घडत नाही! जे व्हायचं ते आधीच्या चार तासांत होऊन गेलेलं असतं. पातं फक्त निकाल लावतं. कापल्यावर नक्षी दुरुस्त करता येत नाही.

दोनच रंग का

तर मग काळा-पांढराच का? तीन कारणं सांगते.

पहिलं कारण डोळ्याचं. केन बारीक केली की आतली रेघ 1 मिलिमीटरची किंवा त्याहून कमी होते. इतक्या बारीक रेघांत लाल आणि हिरवा शेजारी असतील आणि दोघं सारखेच गडद असतील, तर हातभर अंतरावरून ती नक्षी दिसतच नाही. चिखलासारखा एक तपकिरी ठिपका दिसतो. पाकिटात दोन्ही रंग किती सुंदर होते! मग नक्षी गेली कुठे? नक्षी रंगात नसते, दोन रंगांमधल्या फरकात असते. एक किती फिकट आणि दुसरा किती गडद, या फरकात. काळ्या-पांढऱ्यात हा फरक सगळ्यात जास्त आहे. म्हणून शिकायला ती जोडी सगळ्यात चांगली.

आणि हे तपासायला तुमच्या खिशातच यंत्र आहे. पुढे कधी दोन रंग निवडाल, तेव्हा ते शेजारी ठेवा, फोनने फोटो काढा आणि फोटोला काळा-पांढरा फिल्टर लावा. दोन्ही सारखेच राखाडी दिसले, तर ती जोडी बारीक नक्षीत चालणार नाही. क्ले कापण्याआधीच कळलं ना? फुकटात.

दुसरं कारण हाताचं. चार-पाच रंगांच्या फुलात एक पाकळी जाड झाली तर लोक म्हणतात, वा, नैसर्गिक वाटतं. बुद्धिबळाच्या पटात एक घर जाड झालं तर कोणीही बोट ठेवून दाखवेल. काळं-पांढरं काहीच झाकत नाही. हात सारख्या जाडीचं लाटतो का, सरळ कापतो का, सगळीकडे सारखा दाब देतो का, ते इथे लगेच कळतं. थोडं कठोर आहे, पण पुढे चौदा महिन्यांनी कळण्यापेक्षा पहिल्या चौदा दिवसांत कळलेलं बरं.

तिसरं कारण पैशाचं. 24 रंगांच्या छोट्या सेटमध्ये प्रत्येक रंगाचा तुकडा एवढासा असतो. त्यात एक धड केन होत नाही. पांढरा तर सगळ्यात आधी संपतो, कारण तो सगळ्यात मिसळावा लागतो. त्यापेक्षा चांगल्या ब्रँडची, साधारण 57 ग्रॅमची पाकिटं येतात, त्यातली पांढऱ्याची दोन आणि काळ्याचं एक घ्या. आणि दोन्ही रंग एकाच ब्रँडचे, एकाच प्रकारचे घ्या. का, ते पुढे येतंच.

पहिली केन: बुद्धिबळाचा पट

चला, करू या. साहित्य: काळी आणि पांढरी क्ले, एक गुळगुळीत फरशीचा तुकडा, लाटायला काचेची सरळ बाटली, एक लांब पातळ पातं, पत्त्यांचे दोन जुने जोड आणि ओले वाइप्स. पात्याची बोथट बाजू कोणती ते नेलपॉलिशचा ठिपका लावून ठरवून टाका. हे पातं फार धारदार असतं आणि दोन्ही बाजू दिसायला सारख्याच असतात. आणि हे सगळं सामान क्लेसाठीच ठेवायचं. त्या फरशीवर परत पोळी लाटायची नाही.

पहिला नियम: आधी पांढरा, मग काळा. कायम. पांढरा मळायच्या आधी हात धुवा, वाइपने पुसा, फरशी पुसा. काळा टी-शर्ट घालून बसू नका, त्याचे तंतू पांढऱ्यात जाऊन बसतात. पांढऱ्याचं सगळं लाटून-कापून झालं, झाकून ठेवलं, की मगच काळ्याला हात लावायचा. आणि काळ्यानंतर परत पांढऱ्याकडे जायचं असेल तर नखांच्या कडांसकट सगळं पुसायचं. काळ्या क्लेचा एक कण पांढऱ्यावर राखाडी ओरखडा ओढतो. पांढऱ्याचा कण काळ्यात गेला तर तो मळताना विरून जातो. म्हणून हा क्रम.

दुसरा नियम: दोन्ही सारख्या मऊ हव्यात. एकाच ब्रँडचा काळा आणि पांढरासुद्धा कधी कधी वेगवेगळा लागतो. एक पुरणासारखा, दुसरा कणकेसारखा. अशी जोडी घेऊन केन दाबली तर मऊ रंग आधी पळतो, कडक रंग मागे राहतो, आणि सरळ रेघ वाकडी होते. जो जास्त मऊ आहे तो लाटून दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा, वर पुस्तक ठेवा, तासभराने बघा. कागदावर तेलकट डाग दिसेल. तो जादा प्लास्टिसायझर. क्ले थोडी घट्ट झालेली असेल. दोन्ही अंगठ्याने दाबून सारख्या वाटल्या की पुढे जा.

आता लाटायचं. पास्ता मशीन नसलं तरी चालतं. पत्त्याची जाडी साधारण 0.3 मिलिमीटर असते. दहा पत्त्यांची थप्पी म्हणजे साधारण 3 मिलिमीटर. क्लेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पत्ते ठेवा आणि बाटली त्यांच्यावर टेकवून फिरवा. बाटली पत्त्यांखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे पत्रा सगळीकडे 3 मिलिमीटरचाच होतो. असे चार पांढरे आणि चार काळे थर, प्रत्येक साधारण 5 सेंटिमीटर लांब आणि 3 सेंटिमीटर रुंद.

आता एकावर एक रचा. काळा, पांढरा, काळा, पांढरा, असे आठ थर. ठेवताना एका कडेकडून हळूहळू टेकवत न्या, म्हणजे मधे हवा अडकत नाही. हलकेच दाबा. झाली पट्ट्यापट्ट्यांची वीट, 24 मिलिमीटर उंच.

ही वीट लांबीच्या दिशेने, वरून खाली कापायची. प्रत्येक काप 3 मिलिमीटर जाड, थराइतकाच. असे आठ काप. आता एक काप तसाच ठेवा, दुसरा उलटा करा, वरची कड खाली. तिसरा तसाच, चौथा उलटा. सगळे शेजारी शेजारी चिकटवा आणि टोकाकडून बघा. चौसष्ट घरांचा पट तयार!

इथे एक गंमत आहे. थर आठच का घेतले? सात घेतले असते तर वर काळा आणि खालीही काळा आला असता. मग काप उलटा केला काय आणि सुलटा केला काय, काहीच बदललं नसतं. पट जमायला थरांची संख्या सम हवी. दोन्ही टोकांना वेगळे रंग आले, तरच उलटं करण्याला अर्थ.

लहान करायची, म्हणजे लांब करायची

आता मुख्य काम. आपली केन 24 मिलिमीटर चौरस आणि 5 सेंटिमीटर लांब आहे. ती 12 मिलिमीटर चौरस करायची. याला रिडक्शन म्हणतात. क्ले कुठेही नाहीशी होत नाही. बाजू निम्मी झाली की टोकाचं क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून लांबी चौपट होते. 5 सेंटिमीटरचे 20 सेंटिमीटर. शाळेतलं घनफळ शेवटी उपयोगी पडलं!

कसं करायचं? आधी केन तासभर शांत पडू द्या, म्हणजे आतून-बाहेरून तापमान सारखं होतं. मग मधोमध पकडून चारही बाजूंनी दाबा, कंबर बारीक करतो तशी. मग मधून टोकांकडे सरकत जा. प्रत्येक दाबानंतर केन वळवा. थोड्या थोड्या वेळाने फरशीच्या दुसऱ्या तुकड्याने चारही अंगांवर सपाट दाबा, कोपरे सरळ राहतात. एकाच टोकाकडून खेचत सुटू नका. बाहेरचा थर पुढे जातो, गाभा मागे राहतो.

काळजी घेतली तरी दोन्ही टोकांना नक्षी थोडी बिघडतेच. ती सोडून द्यायची. दोन्हीकडचे दीड-दीड सेंटिमीटर गेले तर 17 सेंटिमीटर चांगली केन उरते. 3 मिलिमीटरच्या चकत्या काढल्या तर 56. म्हणजे 28 जोड्या. हे आकडे डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहेत. आणि बिघडलेली टोकं फेकू नका. ती एकत्र मळली की राखाडी क्ले मिळते. मोठ्या मण्याच्या पोटात ती भरायची आणि वरून केनच्या पातळ चकत्या चिकटवायच्या.

कापायच्या आधी केन गार हवी. दाबून दाबून हाताच्या उबेने ती मऊ झालेली असते. तशीच कापली तर पात्याखाली चेपते आणि चौरसाचा चौकोनी पाव होतो. फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा. फ्रिजमध्ये जागा मिळत नसेल तर स्टीलच्या बंद डब्यात ठेवून तो डबा गार पाण्याच्या परातीत ठेवा. मी विदर्भातली आहे, मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की आमच्याकडे क्ले लोण्यासारखी होते. कुरिअरचं खोकं उन्हात पडलं तर आतली क्ले अर्धवट कडकही होऊ शकते. उन्हाळ्यात मागवणार असाल तर पार्सल घ्यायला घरी कोणीतरी असेल असा दिवस बघा.

प्रत्येक कापानंतर केन पाव वळण फिरवा. नाहीतर सगळा दाब एकाच बाजूला येऊन ती बाजू बसते. आणि पातं दर दोन-तीन कापांनी पुसा, कारण काळ्यातून पांढऱ्यात जाताना ते रंग ओढतं.

भाजताना

ओव्हनबद्दल मी गंभीरपणे बोलणार आहे. पाकिटावर जे तापमान आणि जी वेळ लिहिली आहे, तीच पाळायची. फिमो सॉफ्टला 110 अंश, 30 मिनिटं. प्रीमोला 130 अंश, दर 6 मिलिमीटर जाडीला 30 मिनिटं. घरातल्या ओटीजीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका, तिच्यावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात बराच फरक असू शकतो. एक छोटा ओव्हन थर्मामीटर आत ठेवा. पाकिटावरच्या मर्यादेत क्ले भाजणं वेगळं आणि जाळणं वेगळं. पीव्हीसी जळलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, आणि तो डोळ्यांना, घशाला, फुप्फुसांना वाईट. करपल्याचा वास आला तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. एरवीही खिडकी उघडी ठेवूनच भाजा.

मायक्रोवेव्ह नको. तवा नको. कुकर नको. वेगळा छोटा ओव्हन असेल तर उत्तम. नसेल तर चकत्या झाकण घट्ट बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवून भाजा आणि तो डबा परत स्वयंपाकाला वापरू नका. झाकणाचा दुसरा फायदा असा, की पांढरा पिवळा पडत नाही. काळा जास्त भाजला तरी कळत नाही, पांढरा लगेच सांगतो. बघा, इथेही तोच प्रामाणिक!

चकत्यांखाली साधा कोरा कागद ठेवा. फरशीवर थेट ठेवल्या तर मागे चमकदार डाग येतात. भाजून गार झाल्यावर घासायचं असेल तर पाण्यातच घासायचं, 400, 600, 800 असे पॉलिश पेपर क्रमाने. कोरडं घासून ती भुकटी नाकात घ्यायची नाही.

आणि घासताना केनची खरी मजा कळते. वर छापलेली नक्षी घासली तर निघून जाते. केनची नक्षी आरपार आहे, कितीही घासा, खालून तीच वर येते.

याच दोन रंगांत पुढे काय

पट जमला की दोन गोष्टी करून बघा.

एक, जाळी. पांढरी कांडी घ्या, तिला काळ्याचं पातळ वेष्टण द्या. ती लांब करा आणि सात सारखे तुकडे कापा. एक मधे, सहा भोवती. सारख्या जाडीच्या एका गोलाभोवती तसेच सहा गोल अगदी चपखल बसतात, ना फट उरते ना सातवा मावतो. आता सगळं मिळून दाबा. गोल एकमेकांना ढकलून षटकोनी होतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे. परत लांब करा, परत सात कापा, परत रचा. 7 चे 49 होतात, 49 चे 343. एका पांढऱ्या कांडीपासून लेससारखी जाळी. बघणाऱ्याला वाटतं, केवढं बारीक काम! काम बारीक नसतं, फक्त तेच काम तीनदा केलेलं असतं.

दोन, थर बदला. सगळे थर 3 मिलिमीटरचे न घेता दहा पत्ते, आठ पत्ते, सहा, चार असे उतरते घ्या. पट मधेच आत बुडाल्यासारखा दिसतो. ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीचं 1961 सालचं 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' हे चित्र सर्च करून बघा. नुसते काळे-पांढरे चौकोन, एका दिशेने अरुंद होत गेलेले, आणि कागद वळतोय असं वाटतं. दोन रंगांत काय काय मावतं, ते बघायला ते एक चित्र पुरे.

आता घरच्यांना काय सांगायचं

परत 2000 रुपयांकडे येऊ. किमती बदलत राहतात, म्हणून प्रमाण सांगते. साधारण निम्मे पैसे काळ्या-पांढऱ्या क्लेला. पाव भाग पातं, थर्मामीटर, पॉलिश पेपर आणि कानातल्यांचे हुक यांना. हुक बघून घ्या, स्वस्त धातूने कान चिघळतात आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. उरलेला पाव भाग हातात ठेवा. तो खर्च करायचाच नाही.

आता ते 28 जोड धरून हिशेब करू. समजा केन करायला चार तास गेले. कापायला आणि भाजायला दोन तास. घासणं, हुक लावणं, प्रत्येक जोडाला दहा मिनिटं, म्हणजे साधारण पावणेपाच तास. एकूण पावणेअकराच्या आसपास. तुमच्या तासाला समजा 100 रुपये धरले, तर एका जोडामागे मजुरी साधारण 38 रुपये. त्यात क्ले, हुक, डबी, कुरिअर आणि मोडतोड मिळवा. हा खर्च झाला, नफा अजून पुढे. आणि हेच चार तास एकाच जोडासाठी घातले असते तर? नुसत्या नक्षीची मजुरी 400 रुपये. केन हेच करते, एकदा घातलेलं डोकं आणि मेहनत 28 जणांत वाटून देते.

तासाला 100 ऐवजी तुम्हाला जे योग्य वाटतं ते धरा. पण शून्य धरू नका. 'घरीच तर केलंय' म्हणून स्वतःच्या वेळेला शून्य लावलं, की तुमच्यासारखंच काम करणाऱ्या दुसऱ्या मुलीचाही भाव पडतो.

अजून एक. सगळी केन एकदम कापून भाजू नका. न भाजलेली केन प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून, सावलीत, गार जागी ठेवली तर कित्येक महिने चांगली राहते. ठेवायचा डबा घेताना तळाचा त्रिकोण बघा. आत 5 असेल तर चालेल. 6 असेल तर नको, त्या प्लास्टिकला क्लेमधला द्रव खातो आणि क्ले डब्याला चिकटून बसते. आधी पाच जोड करा. ते विकले गेले की पुढचे पाच कापा. कोणाला लांब झुमके हवे असतील तर उरलेली केन आणखी बारीक करता येते. भाजलेला जोड पडून राहिला तर पैसे अडकले. केन पडून राहिली तर ती अजून काहीही होऊ शकते.

म्हणून घरच्यांना सांग, पैसे मातीतच घालतेय, पण ही माती 28 वेळा कापता येते. आणि दिवाळीला अजून वेळ आहे. पहिले दोन रविवार विकण्याचं नाव काढू नकोस. एक पट, एक जाळी, एवढंच.

बाकीच्यांनाही माझं एकच सांगणं. आज रात्री घरात काही काळं आणि काही पांढरं शोधा. लाटायला कणीक आणि कापायला सुरी असली तरी चालेल. निम्म्या कणकेत थोडी नाचणी मिसळा, आठ थर लावा, काप उलटे-सुलटे करून रचा, पट जमतो का बघा. ती कणीक भाजून खाताही येईल. क्ले त्यानंतर मागवा.

तुमच्या पहिल्या केनचा फोटो पाठवणार असाल तर चकतीचा नको, तो सगळेच पाठवतात. केनच्या टोकाचा पाठवा, कापायच्या आधीचा. त्यावरून मी तुम्हाला सांगेन, आत काय निघणार आहे ते. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हात स्वच्छ ठेवा, आणि आधी पांढरा, मग काळा!